मास्तरांचे समाजशास्त्र

आम्ही समाजशास्त्रात एम.ए. करायचे ठरवले तेव्हा स्टाफरूममधल्या सगळ्यांनी एकच कारण गृहीत धरले: विषय सोपा आहे म्हणून. खोटे कशाला बोलावे, थोडेसे तसे होतेही. उर्दू माध्यमाच्या शाळेतली नोकरी, घरी दोन लहान मुले आणि भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. रोज एस.टी.ने जाऊन वर्गात बसणे जमणारे नव्हते. मग बाहेरून परीक्षा देणे आले. आमच्या भागात याला 'प्रायव्हेट भरणे' म्हणतात. विद्यापीठाच्या कागदावर याचे नाव 'बहिःशाल', म्हणजे शाळेबाहेरचा. आयुष्याचे निम्मे दिवस शाळेतच घालवणाऱ्या मास्तराला हे नाव मिळावे, याचे आम्हाला हसू आले.

या विषयाची ओळख बी.एड.च्या 'शिक्षणाचे समाजशास्त्र' या भागाने करून दिली होती. पण त्याचे उर्दू नाव आम्हाला आधीपासून माहीत होते. उर्दूत याला 'इमरानियात' म्हणतात आणि तो शब्द इब्ने खल्दूनच्या 'उमरान'शी नाते सांगतो. १३३२ साली ट्युनिसमध्ये जन्मलेला हा माणूस दरबारात नोकऱ्या करत फिरला, कधी तुरुंगातही गेला. पुढे अल्जीरियातल्या एका किल्ल्यात चारेक वर्षे निवांत मिळाली तेव्हा, १३७७ साली, त्याने 'मुकद्दमा' लिहिला. आपल्या जलशांत वक्ते अभिमानाने सांगतात की समाजशास्त्राचा पाया एका मुसलमानाने घातला. टाळ्या पडतात. पण इब्ने खल्दून ज्याला 'असबियत' म्हणतो, ती रक्ताच्या आणि टोळीच्या नात्यातून येणारी एकजूट, ती आपल्या मोहल्ल्यात कोणकोणत्या बिरादरीच्या नावाने नांदते, हे तोच वक्ता कधी सांगत नाही.

बाहेरून परीक्षा देण्याची रीत तशी जुनी आहे. लंडन विद्यापीठाने १८५८ साली कॉलेजात न बसलेल्यांनाही परीक्षेची दारे उघडली. आपल्याकडे मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे १८५७ ची. तीही सुरुवातीला शिकवत नव्हती, परीक्षाच घेत होती. पण विद्यार्थी कॉलेजातून आलेला असावा, हा दंडक कर्झनच्या काळातल्या १९०४ च्या कायद्याने पक्का केला. विद्यापीठाने खास परवानगी दिली तरच सूट. पुढे अनेक विद्यापीठांनी ही सूट दोघांना दिली, शिक्षकांना आणि स्त्रियांना. दोघांनाही घर आणि काम सोडून कॉलेजात येता येत नाही, हे त्यांनी ओळखले असावे.

आपला भंडारा तेव्हा मध्यप्रांतात होता. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज १८८३ चे, मॉरिस कॉलेज १८८५ चे. पण परीक्षा आधी कलकत्त्याची आणि नंतर अलाहाबादची. १९२३ साली नागपूर विद्यापीठ झाले, तेव्हा कुठे पदवी वैनगंगेच्या जरा जवळ आली. याच विद्यापीठाला २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. पुढची पायरी टपालाची. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये, तर मुंबईने १९७१ मध्ये पत्राद्वारे शिक्षण सुरू केले. मग १९८५ चे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, १९८९ चे नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि उर्दूवाल्यांसाठी १९९८ चे हैदराबादचे मौलाना आझाद विद्यापीठ. आमच्या ओळखीच्या कितीतरी मास्तरांची आणि लग्नानंतर शिकलेल्या भाभी-आपांची पदवी या दारांतून आली आहे.

विषय मात्र मुंबईत जन्मला. १९१९ साली मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडिस यांनी समाजशास्त्राचा विभाग सुरू केला. १९२४ पासून तो मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी वाढवला. त्यांच्याच हाताखाली इरावती कर्वे यांनी १९२८ साली एम.ए.चा प्रबंध लिहिला, विषय चित्पावन ब्राह्मण. त्या स्वतः जन्माने आणि लग्नाने त्याच समाजातल्या. आपल्याच जातीवर प्रबंध लिहिल्याने त्यांचे काही बिघडले नाही, उलट त्या पुढे महाराष्ट्राच्या थोर अभ्यासक ठरल्या. ही गोष्ट आम्ही वहीत अधोरेखित करून ठेवली होती. का, ते पुढे येईल.

मुंबईत विभाग उघडण्याच्या आधीच आमच्या प्रांतात समाजाची मोजदाद सुरू झाली होती, फक्त ती विद्यापीठात नव्हती, सरकारी कचेरीत होती. १९०१ च्या जनगणनेचे मध्यप्रांतातले प्रमुख रॉबर्ट व्हेन रसेल यांच्याकडे जाती-जमातींच्या पाहणीचे काम आले. सोबतीला रायबहादूर हिरालाल, कटनीकडचे. हे हिरालालही मूळचे शिक्षण खात्यातलेच. दोघांच्या नावाने १९१६ साली मध्यप्रांताच्या जाती-जमातींवर चार खंडांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. रसेलसाहेबांना तो छापलेला पाहता आला नाही. डिसेंबर १९१५ मध्ये ते ज्या 'पर्शिया' जहाजावर होते, ते भूमध्य समुद्रात जर्मन पाणबुडीने बुडवले.

हा ग्रंथ आम्ही मोबाइलवर वाचला, रात्री मुले झोपल्यावर, रोज पाच-सहा पाने. इंग्रजी जड जायचे. पण लक्ष वेधून घेतले ते तळटिपांनी. जवळपास प्रत्येक जातीच्या लेखाखाली बारीक अक्षरात लिहिलेले असते की ही माहिती अमुक तहसीलदाराच्या किंवा तमुक कारकुनाच्या टिपणावरून घेतली. त्यात शाळांचे डेप्युटी इन्स्पेक्टर आहेत, हेडमास्तर आहेत आणि साधे शाळामास्तरही आहेत. आम्ही थबकलो. म्हणजे या ग्रंथातल्या कितीतरी ओळी मास्तरांनी गोळा केलेल्या आहेत. गावात लिहिता-वाचता येणारा आणि सगळ्या मोहल्ल्यांत ऊठबस असलेला माणूस तोच. त्याने विचारले, लिहून घेतले, वर पाठवले. त्याचे नाव तळटिपेत गेले आणि शास्त्र साहेबाच्या नावावर झाले. हे गाऱ्हाणे नाही. तळटिपेत तरी नाव आले, हेही थोडे नाही. पण समाजशास्त्र हा आपल्यासाठी परका विषय आहे, असे त्यानंतर आम्हाला कधी वाटले नाही.

त्याच १९१६ सालच्या ९ मे रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. एकीकडे जात बाहेरून मोजून खंडात बसवणारे, दुसरीकडे ती आतून भोगलेला विद्यार्थी. हेच बाबासाहेब १९५४ साली आमच्या भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि पडले. जुन्या लोकांना याची अजून चुटपुट आहे.

ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात 'बहना' ही नोंद आहे. पिंजारा, धुनिया ही त्याचीच नावे. कापूस पिंजणारी जात, धर्माने मुसलमान, पण चालीरीती अर्ध्या हिंदूंच्या आणि समाजात मान कमी, असा एकूण सूर. ही आमची बिरादरी. आमचे दादा हिवाळा लागला की धुनकी खांद्यावर टाकून गावोगाव हिंडत. तांतीचा तो टण्-टण् आवाज ऐकून बाया जुन्या गाद्या-रजया बाहेर काढत. संध्याकाळी त्यांच्या भुवयांवर, दाढीवर कापसाचा भुगा बसलेला असे. पिंजायचे यंत्र आले आणि ते संपले. घरात आम्ही 'मन्सूरी' म्हणवतो; वडिलांनी आडनाव लावताना तेही टाळले. शंभर वर्षांपूर्वी कुणा अनोळखी माणसाने लिहिलेले ते वाचताना राग आला, हे कबूल करतो. मग असेही वाटले की यातले खरे किती, खोटे किती, हे आम्ही नाही तर कोण सांगणार?

दुसऱ्या वर्षी परीक्षेत एक प्रश्न आला, भारतीय मुस्लिमांतील सामाजिक स्तरीकरण. उर्दूतले सगळे शिक्षण आणि उत्तर मराठीत, त्यामुळे इतर प्रश्नांना आमचा हात अडखळत होता. या प्रश्नाला तो थांबला नाही. आम्ही लिहिले की घौस अन्सारी यांनी १९६० मध्ये उत्तर प्रदेशातील मुस्लिम जातींवर पुस्तक लिहिले. इम्तियाज अहमद यांनी १९७३ मध्ये या विषयावरील अभ्यासकांचे लेख एकत्र केले. त्याआधी १९४० मध्ये बाबासाहेबांनी पाकिस्तानविषयीच्या पुस्तकात १९०१ च्या बंगालच्या जनगणनेतले अश्रफ, अजलाफ, अरजल हे थर दाखवले होते. लीला दुबे यांनी तर १९६९ मध्ये लक्षद्वीपच्या मुसलमानांची मातृवंशीय घरे अभ्यासली. इस्लामी कायदा आणि आईकडून चालणारा वारसा एकाच घरात कसे नांदतात, हे त्यांनी दाखवले. आणि शेवटी दादांची धुनकी लिहिली. परीक्षकाला ती कशी वाटली कोण जाणे, गुण बरे पडले.

ही गोष्ट मोहल्ल्यात पोहोचायला वेळ लागला नाही. एका जुम्म्याला नमाजनंतर आमच्या बिरादरीतलेच एक बुजुर्ग चाचा भेटले. सगळ्यांसमोर म्हणाले, "मास्टरसाब, इस्लाम में जात कहाँ है? और आप पर्चे में लिख के आ गए?" आम्ही गप्प राहिलो. चाचांचे म्हणणे चुकीचे नव्हते. दीनमध्ये जात नाहीच. मशिदीच्या सफेत कुणी कुणाला मागे सारत नाही. पण त्याच चाचांनी चार वर्षांपूर्वी आपल्या नातीचा एक चांगला रिश्ता परत केला होता, तो मुलगा 'आपल्यातला' नाही म्हणून. दीन काय सांगतो ते आलिम सांगतील. आपण काय करतो ते लिहिणे, एवढेच समाजशास्त्राचे काम. हे तेव्हा बोलायला हवे होते. धीर झाला नाही.

हा प्रश्न मराठी मुसलमानांत नवा नाही. सोलापूरचे मरहूम फकरुद्दीन बेन्नूर यांनी मराठीतून तो पुन्हा पुन्हा मांडला. मंडल आयोगाचा अहवाल १९८० चा, त्याची अंमलबजावणी १९९० ची. तेव्हापासून पिंजारी, अन्सारी, कुरेशी, बागवान हे शब्द सरकारी यादीच्या निमित्ताने का होईना, उघड बोलले जाऊ लागले. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही मुस्लिम ओबीसींवर वेगळे प्रकरण आहे. तरी भीती शिल्लक आहे की आपण वेगवेगळे झालो तर कमजोर होऊ. ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. ती कुठून येते, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही कळते.

दोन वर्षांनी तेच चाचा कागदांची पिशवी घेऊन आमच्या घरी आले. नातवाचा इंजिनिअरिंगचा प्रवेश आणि त्यासाठी जातवैधता. आपल्या राज्यात इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात चाचांच्या नावापुढे, जातीच्या रकान्यात, सुंदर शाईने लिहिले होते, 'मुसलमान'. त्यांच्या भावापुढे 'शेख'. पुढच्या पानावर सगळ्याच मुस्लिम मुलांपुढे 'मुसलमान', वरचीच खूण खाली ओढलेली. कोणा मास्तरांनी ते लिहिले असेल. कदाचित चांगल्या मनाने, भेद नको म्हणून. कदाचित विचारायचा कंटाळा म्हणून. शेजारी तेली, कुणबी, कोष्टी, पोवार, सगळे नीट वेगवेगळे लिहिलेले. तळटिपेतले मास्तर साहेबासाठी घरोघर जाऊन जात विचारत होते आणि आपल्या रजिस्टरात आम्ही मास्तर मंडळी ती गाळत होतो.

आता उरला कोतवाल बुकाचा आधार. विदर्भातल्या वाचकांना हे सांगायला नको. गावच्या जन्म-मृत्यूची ती जुनी नोंदवही. तहसील कचेरीत अर्ज दिला, तीन चकरा झाल्या. पाने इतकी जीर्ण की उलटताना श्वास रोखावा लागे. चाचांच्या वडिलांच्या नावाची एक ओळ सापडली, एका मुलाच्या जन्माची. तो मुलगा म्हणजे चाचांचे थोरले भाऊ, लहानपणीच वारलेले. जातीच्या जागी कोतवालाने लिहिले होते, 'पिंजारी'.

नक्कल हाती आली त्या दिवशी चाचांनी ती आमच्याकडून दोनदा वाचून घेतली. भावाचे नाव आले तिथे बोट ठेवून बसले. मग म्हणाले, त्या अंग्रेजाच्या किताबात आपल्याबद्दल काय आहे ते सांगा. आम्ही मोबाइल काढून मराठी-उर्दूत जमेल तसे सांगितले, मान कमी असल्याचेही गाळले नाही. त्यांनी ऐकून घेतले. लग्नातल्या चालीरीतींचा भाग आला तेव्हा, "ये तो सही लिखा है, हमारी दादी करती थी," एवढे म्हणाले. एका जागी मात्र मान हलवली आणि सांगितले की असे आमच्यात कधी नव्हते. आम्ही ते वहीत उतरवून घेतले.

जाताना दाराशी थांबून म्हणाले, अब्बांची धुनकी अजून माळ्यावर पडली आहे, तांत तुटलेली आहे. पाहायची असेल तर जुम्म्यानंतर या, आणि ती वही घेऊन या.