न जन्मलेल्या वासरांची नोंद

माझ्या मामाच्या गोठ्यात खिळ्याला एक वही टांगलेली आहे. डेअरीला दूध किती गेलं, फॅट किती लागली, याचा हिशेब वेगळ्या वहीत असतो. ही वही फक्त गायींच्या माजाची. तारीख, गायीचं नाव, कांडीवरचा वळूचा नंबर आणि त्यापुढे एकच शब्द : 'लागली' किंवा 'उलटली'. मागच्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा गंगाच्या नावापुढे ओळीने तीन वेळा 'उलटली' लिहिलेलं होतं. गंगा ही एचएफ संकरित गाय, भरात असताना दिवसाला चोवीस लिटर देणारी. "दुधाला चांगलीय रे," मामा म्हणाला, "पण गाभण राहायला रडवते."

गाय माजावर येते साधारण दर 21 दिवसांनी. एक माज वाया गेला की तीन आठवडे गेले. तीन वेळा उलटली तर दोन महिने. खाणं चालू, दूध मात्र दिवसागणिक कमी, आणि पुढचं वेत लांबलेलं. शेवटी ती 'भाकड' ठरते आणि तिचं काय करायचं हा प्रश्न घरात उभा राहतो.

दूध आणि गाभण राहणं या दोन गोष्टींचं हे भांडण एकट्या गंगाचं नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या डेअरीवाल्यांची हीच तक्रार होती. ती कशी सुरू झाली याचा शोध घेताना मी 1962 साली नेब्रास्कात जन्मलेल्या एका वळूपर्यंत पोचलो. पण त्याच्याकडे जाण्याआधी कांडीचा इतिहास पाहायला हवा, कारण कांडी नसती तर तो वळू त्याच्या तालुक्याबाहेर कुणाला माहीतही झाला नसता.

कांडी

पूर्वी वळूचं कर्तृत्व पंचक्रोशीपुरतं असायचं. तो वर्षाला फार तर पन्नास-शंभर गायी भरवणार. चांगला निघाला तर त्या गावांचं भलं, वाईट निघाला तर नुकसानही तेवढ्यापुरतंच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियात इल्या इवानोव यांनी कृत्रिम रेतनाचं तंत्र घोड्यांवर आणि इतर जनावरांवर पद्धतशीरपणे वापरायला सुरुवात केली. 1936 मध्ये डेन्मार्कच्या साम्सो बेटावर शेतकऱ्यांनी गायींसाठी पहिली कृत्रिम रेतन सहकारी संस्था काढली आणि 1938 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीला तिची पुढची आवृत्ती निघाली. आपणही फार मागे नव्हतो. 1939 मध्ये म्हैसूरच्या पॅलेस डेअरी फार्मवर संपत कुमारन यांनी हल्लीकर गायींवर होल्स्टीन फ्रिजियन वळूचं वीर्य वापरून भारतातलं पहिलं कृत्रिम रेतन केलं.

मात्र वीर्य दोन-चार दिवसांत निकामी व्हायचं, त्यामुळे अंतराची मर्यादा कायम होती. ती मोडली 1949 मध्ये, लंडनमध्ये, आणि तीही एका चुकीमुळे. पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स हे शास्त्रज्ञ कोंबड्याचे शुक्रजंतू साखरेच्या द्रावणात गोठवून पाहत होते. यश येत नव्हतं. एके दिवशी एका बाटलीतल्या द्रावणाने ते जमलं. तपासल्यावर कळलं की बाटलीवरचं लेबल चुकलेलं आहे आणि आत साखर नसून ग्लिसरॉल आहे. ग्लिसरॉलमध्ये गोठवलेले शुक्रजंतू वितळल्यावरही जिवंत राहतात हे असं सापडलं.

आज आपल्याकडच्या कांडीत पाव मिलीलीटर वीर्य असतं, त्यात सुमारे दोन कोटी शुक्रजंतू. उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ती कित्येक वर्षं टिकते. वळू मेला तरी त्याला वासरं होत राहतात. एका वळूचा गुण देशभर पोचवण्याचं साधन हाती आलं, आणि त्याचा दोषही देशभर पोचवण्याची सोय आपोआप झाली.

ज्याला दूध येत नाही त्याचं दूध मोजायचं कसं?

वळू दूध देत नाही, मग तो दुधाला चांगला हे कळायचं कसं? त्याच्या मुली मोजून. तरुण वळूच्या थोड्या कांड्या अनेक गोठ्यांत वाटायच्या, झालेल्या कालवडी मोठ्या होऊन विईपर्यंत थांबायचं, मग त्यांचं दूध त्याच गोठ्यातल्या इतर वळूंच्या मुलींशी ताडून पाहायचं. यात पाच-सहा वर्षं जातात. शेवटी प्रत्येक वळूच्या नावापुढे एक आकडा येतो आणि ज्याचा आकडा मोठा, त्याच्या कांडीला मागणी.

1962 मध्ये जन्मलेल्या त्या वळूचं नाव 'पॉनी फार्म अर्लिंडा चीफ'. दुधाच्या आकड्यात त्याच्या मुली इतक्या सरस निघाल्या की त्याच्या कांड्या सगळीकडे गेल्या. त्याला 16 हजार मुली, 5 लाख नाती आणि 20 लाखांहून जास्त पणत्या झाल्या. पुढे त्याची मुलंही नामांकित वळू झाली. आज अमेरिकेतल्या होल्स्टीन गायींच्या एकूण जनुकसंचातला जवळजवळ 14 टक्के वाटा या एकट्या वळूकडून आलेला आहे. 2015 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या कृत्रिम रेतनाच्या होल्स्टीन वळूंच्या पितृवंशाचा माग काढला गेला, तेव्हा जवळपास सगळे वळू साठच्या दशकातल्या दोनच वळूंपाशी जाऊन थांबले : चीफ आणि 'राउंड ओक रॅग ॲपल एलिव्हेशन'. गायींची संख्या लाखांत, पण बापाकडून मोजली तर घराणी दोनच.

दुधाच्या बाजूने पाहिलं तर हे अफाट यश होतं. 1944 मध्ये अमेरिकेत 2 कोटी 56 लाख दुभत्या गायी वर्षाला सुमारे 5,300 कोटी किलो दूध देत होत्या. 2007 मध्ये फक्त 92 लाख गायी 8,400 कोटी किलो देत होत्या. म्हणजे दर गायीमागे दूध चौपटीहून जास्त वाढलं. यात खाद्य, औषधोपचार, यंत्रं यांचा वाटा मोठा आहे, पण निवडीचाही तेवढाच मोठा आहे.

दुसरा रकाना

याच काळात दुसरा आकडा उतरत होता. न्यूयॉर्क राज्यातल्या नोंदींनुसार 1951 मध्ये पहिल्याच रेतनात सुमारे 65 टक्के गायी गाभण राहायच्या. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे प्रमाण 40 टक्क्यांवर आलं.

यामागचं शरीरशास्त्र सोपं आहे. व्यायल्यावर सहा-आठ आठवड्यांत गाय दुधाच्या शिखरावर पोचते, पण तिची भूक तितक्या लवकर वाढत नाही. खाण्यातून येणाऱ्या ऊर्जेपेक्षा दुधातून जाणारी ऊर्जा जास्त होते, आणि ती तूट गाय अंगावरची चरबी वितळवून भरून काढते. या तुटीच्या काळात मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संप्रेरकांचे इशारे मंदावतात आणि माज लांबतो. शिवाय भरपूर दूध देणारी गाय भरपूर खाते, तिच्या यकृतातून रक्त जास्त वाहतं आणि माज घडवणारी, गर्भ टिकवणारी संप्रेरकं रक्तातून लवकर निघून जातात. मग माज येतो तो थोड्या तासांचा, तोही मुका. रात्री येऊन पहाटेपर्यंत गेलेला माज मालकाने पाहायचा तरी कधी?

हे आधीच का नाही लक्षात आलं? कारण मोजणं अवघड होतं. गायीगायीतल्या दुधाच्या फरकापैकी साधारण पाव ते एक तृतीयांश भाग आनुवंशिक असतो. गाभण राहण्याच्या बाबतीत हा भाग पाच टक्क्यांच्याही आत असतो. बाकी सगळं खाणं, हवामान, माज ओळखणाऱ्याची नजर, रेतन करणाऱ्याचा हात. त्यामुळे समज असा झाला की प्रजनन हा गोठ्याच्या व्यवस्थेचा प्रश्न आहे, वळूचा नाही. गाय उलटली की दोष मालकाला, नाहीतर डॉक्टरला.

जे सापडायला हवं होतं आणि सापडलं नाही

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. डेटात काय आहे ते शोधणं माझं रोजचं काम. काय नाही ते शोधणं त्याहून कितीतरी अवघड, म्हणूनच या गोष्टीतला पुढचा टप्पा मला सगळ्यात आवडतो.

2011 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातले पॉल व्हॅनरेडन आणि त्यांचे सहकारी हजारो गायी-वळूंची जनुकीय माहिती तपासत होते. प्रत्येक गुणसूत्राची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. समजा गुणसूत्राचा एखादा विशिष्ट तुकडा कळपात बऱ्यापैकी पसरलेला आहे. मग काही जनावरांना तो आईकडूनही मिळेल आणि बापाकडूनही, अशी किती असावीत हे गणिताने काढता येतं. त्यांना काही तुकडे असे सापडले की एकेरी प्रत घेतलेली जनावरं भरपूर, पण दुहेरी प्रत असलेलं एकही नाही. अर्थ एकच निघत होता : अशी वासरं जन्माला येतच नाहीत.

त्यातल्या एका तुकड्याला एचएच1 असं नाव मिळालं. होल्स्टीनमध्ये दर शंभरात चार-पाच जनावरं त्याची वाहक होती, आणि वंशावळीतून मागे जाताना तो चीफपर्यंत पोचत होता. जर्सीतही असाच एक तुकडा निघाला, तिथे तर पाचातलं एक जनावर वाहक होतं.

पुढे हॅरिस लेविन यांच्या गटाने चीफचा सगळा जनुकसंच वाचून नेमका दोष शोधला. तो निबंध 2016 मध्ये आला. गर्भाच्या वाढीत ठरावीक पेशी वेळेवर मरणं गरजेचं असतं आणि त्या कामाला लागणारं एक जनुक आहे, एपीएएफ1. चीफकडच्या एका प्रतीत त्यातलं एकच अक्षर बदललेलं होतं. त्या बदलामुळे 'इथे थांब' ही सूचना वेळेआधी येते आणि प्रथिन अर्धवट राहतं. एक प्रत बिघडली तरी दुसरी काम चालवते, म्हणून चीफ आणि त्याच्या मुली ठणठणीत होत्या. दोन्ही बिघडल्या की गर्भ जगत नाही. शेतकऱ्याला यातलं काही दिसत नाही. गाय उलटते किंवा गाभडते, इतकंच.

संशोधकांच्या अंदाजाने 35 वर्षांत जगभरात या एका अक्षरामुळे 5 लाखांहून जास्त गर्भ गेले, सुमारे 42 कोटी डॉलरचं नुकसान झालं. त्याच अंदाजात दुसरी बाजूही आहे : चीफमुळे वाढलेल्या दुधाची किंमत 3,000 कोटी डॉलर. ताळेबंदात चीफ नफ्यातच आहे. पण नफा सगळ्यांच्या आकड्यांत दिसत होता, आणि तोटा एकेका गोठ्यात 'नशीब' म्हणून वाटला गेला.

हे अटळ नव्हतं. नॉर्वेने आपल्या लाल गायींच्या निवडीत सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून प्रजननालाही गुण द्यायला सुरुवात केली, आणि ती गाय आजही गाभण राहण्यासाठी नावाजलेली आहे. आनुवंशिक भाग कितीही लहान असला तरी हजारो मुलींच्या नोंदी ठेवल्या की तो पकडता येतो. अमेरिकेनेही 2003 पासून वळूच्या मुली किती सहज गाभण राहतात हा आकडा प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्यानंतर उतरती रेघ थांबली आणि हळूहळू वर वळली. आता एचएच1 ची चाचणी करता येते, त्यामुळे वाहक वळू आणि वाहक गाय यांची जोडी टाळता येते.

उरुळीकांचन ते वाशिम

ही होल्स्टीन आणि जर्सी आपल्या गोठ्यांत आली ती कांडीतूनच. महाराष्ट्रात या कामात मणिभाई देसाई यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. 1946 मध्ये ते गांधीजींबरोबर उरुळीकांचनला आले, निसर्गोपचार आश्रम सांभाळला, गीर गायींचा कळप उभा केला. 1967 मध्ये त्यांनी बाएफ ही संस्था सुरू केली आणि कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारात नेलं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' तयार केली. 2019 च्या पशुगणनेत देशात विदेशी आणि संकरित मिळून 5 कोटींवर गोवंशीय जनावरं होती. कोरडवाहू भागातल्या कितीतरी घरांचा महिन्याचा खर्च आणि मुलांच्या फिया या गायींनी भरल्या आहेत. माझ्या आईच्या घरातही तसंच झालं. त्यामुळे 'संकरित वाईट, देशी चांगली' असा सोपा निकाल मला देता येत नाही.

पण इथे एक आणखी अडचण आहे. होल्स्टीन ही थंड प्रदेशातली गाय. पारा पस्तीशी-चाळिशीला गेला की ती धापा टाकते, खाणं कमी करते, दूध उतरतं आणि रेतन फुकट जातं. त्यात उन्हाळ्यात हिरवा चारा नसतो. म्हणून तर बऱ्याच भागांत विदेशी रक्त निम्म्याच्या आसपास ठेवा असं सांगितलं जातं. नेब्रास्कात किंवा नेदरलँड्समध्ये सिद्ध झालेला आकडा मामाच्या पत्र्याच्या गोठ्यात मे महिन्यात तसाच लागू पडत नाही. त्यासाठी इथल्याच मुली, इथलंच ऊन आणि इथल्याच नोंदी लागतात.

ऑक्टोबर 2024 मध्ये वाशिमला पंतप्रधानांच्या हस्ते 'गौचिप' आणि 'महिषचिप' सुरू झाल्या. आपल्या गायी-म्हशींचे जनुक वाचून लहानपणीच निवड करायची, हा त्यांचा उद्देश. साधन उत्तम आहे. पण चिप फक्त जनुक वाचते. त्या जनुकाची गाय किती दूध देते, कितव्या रेतनात लागते, किती वेळा गाभडते, हे कुणीतरी गोठ्यात उभं राहून लिहावं लागतं. दुधाची नोंद आपोआप होते, कारण डेअरीला त्याचे पैसे द्यायचे असतात. उलटलेल्या गायीचे पैसे कुणी देत नाही, म्हणून ती नोंद राहून जाते. आपणही फक्त लिटर मोजत बसलो तर आपला चीफ आपणच तयार करू.

परवा मामाचा फोन आला. गंगा चौथ्या वेळी लागली. मी विचारलं, आधीची तीन पानं फाडली नाहीस ना? "फाडीन कशाला," मामा म्हणाला, "तिची कालवड झाली तर तिला कुठली कांडी द्यायची नाही ते त्यातच लिहिलंय."