जादूगाराचे इमान

जादू हा शब्द मराठीत दोन घरी नांदतो. रंगमंचावर तो करमणूक होय. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातील खेड्यात त्याचा आळ एखाद्यावर आला, तर त्याच्या जिवावर बेतते. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांस भर चौकात बांधून मारण्यात आले. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे दोघांस जाळून ठार करण्यात आले. अशा मुलखात जादूगाराच्या धंद्यातील नीती हा केवळ त्याच्या घरचा प्रश्न राहत नाही.

खेळाचे मर्म फोडू नये, हा या धंद्याचा पहिला नियम. कोणाच्या अन्नात माती कालवू नये, हे रास्तच. तथापि चेटकीण म्हणून स्त्रियांस फाशी देण्याच्या काळात, १५८४ साली, इंग्लंडात रेजिनाल्ड स्कॉटने हातचलाखीची अनेक मर्मे छापून उघड केली. नवल दिसले म्हणजे तेथे सैतान असलाच पाहिजे असे नाही, हे त्यास दाखवावयाचे होते. याच्या उलट, १८५६ साली फ्रेंच सरकारने रोबेर-ऊदँ या जादूगारास अल्जीरियात धाडले. विद्युच्चुंबकाने खिळलेली पेटी तेथील धट्ट्याकट्ट्या माणसास उचलवेना, आणि लोकांस ती परक्या सत्तेची करामत भासली. कला एकच, एकाने तिने भय घालविले, दुसऱ्याने भय पेरले.

आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव हळद-चुन्याचे कुंकू करून दाखवितात, जिभेवर कापूर जाळतात, आणि लगेच कारणही सांगतात. त्याने आपली विद्या उघडी पडते, अशी तक्रार कोणी जादूगार करील, तर ती आम्ही क्षुल्लक मानीत नाही. परंतु धंद्याचा दुसरा नियम पहिल्याहून थोर आहे: हातचलाखीस दैवी सामर्थ्य म्हणू नये. पोटासाठी खेळ करतो असे सांगून थाळी फिरविणारा गारुडी हा नियम पाळीतच असतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा रोखही चमत्काराच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीवर व दहशतीवर आहे, हस्तकौशल्यावर नव्हे.

म्हणून रंगमंचावरील गुपित खुशाल गुपितच राहावे. परंतु जे गुपित भोंदूच्या हाती पडून शेजाऱ्यास शेजाऱ्याचा वैरी करते, ते राखण्यात इमान नाही. ते फोडण्यातच आहे.