कराची ते ढाका : एका हवाई अंतराचा इतिहास

दोन नगरांमधील अंतर भूगोलाने कायमचे ठरविलेले असते, असे आपण सामान्यतः गृहीत धरतो. परंतु १९४७ ते १९७१ या काळात एकाच राज्यात असलेल्या कराची व ढाका या नगरांचा इतिहास पाहता, प्रवासाचे अंतर कधी कधी तिसऱ्याच राज्याच्या संमतीवर अवलंबून असते, असे दिसून येते.

या नगरांमधील सरळ हवाई अंतर सुमारे २,३५० किलोमीटर आहे आणि त्या रेषेचा बहुतांश भाग भारताच्या भूमीवरून जातो. जेट विमानास ते कापण्यास सुमारे तीन तास पुरत. समुद्रमार्गे मात्र सिलोनला वळसा घालून जावे लागे आणि त्यास कित्येक दिवस लागत. पाकिस्तानच्या दोन्ही भागांना जोडणारा शीघ्र दुवा अशा रीतीने परक्या आकाशातून गेलेला होता.

या दुव्याची दुर्बलता प्रथम सप्टेंबर १९६५ च्या युद्धात प्रत्ययास आली. युद्ध सुरू होताच हा मार्ग खंडित झाला; ताश्कंद करारानंतर फेब्रुवारी १९६६ मध्ये तो पुन्हा खुला झाला. त्याच महिन्यात शेख मुजिबुर रहमान यांनी लाहोर येथे आपला सहा कलमी कार्यक्रम मांडला. पूर्व भागास स्वतःचे निमलष्करी दल असावे, ही त्यातील एक मागणी होती. युद्धकाळात आपण एकाकी पडलो होतो, या जाणिवेशी तिचा संबंध स्पष्ट आहे.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर ठरला. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूस निघालेले ‘गंगा’ हे भारतीय प्रवासी विमान बळाने लाहोरला नेण्यात आले आणि २ फेब्रुवारी रोजी तेथे जाळण्यात आले. ४ फेब्रुवारी रोजी भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या प्रदेशावरून जाण्यास मनाई केली. यापुढे ती विमाने कोलंबोमार्गे जाऊ लागली. कराची ते कोलंबो व कोलंबो ते ढाका ही अंतरे सरळ रेषेत मोजली तरी त्यांची बेरीज सुमारे ४,५५० किलोमीटर होते. किनाऱ्यापासून दूर राहण्यासाठी घ्यावा लागणारा वळसा निराळाच. प्रवासाचा काळ जवळजवळ दुप्पट झाला, इंधनाचा खर्च वाढला आणि सिलोनच्या सहकार्यावाचून गत्यंतर उरले नाही.

पाकिस्तानने हा वाद आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या परिषदेपुढे नेला. परिषदेच्या अधिकारासच भारताने आव्हान दिले. १८ ऑगस्ट १९७२ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने परिषदेस तो अधिकार असल्याचा निर्णय दिला. पण तोवर मूळ प्रश्नाचे प्रयोजनच सरले होते, कारण १६ डिसेंबर १९७१ पासून ढाका ही बांगलादेशाची राजधानी झाली होती.

तथापि या वळशामुळेच पाकिस्तानचे विभाजन झाले, असे मानणे इतिहासास धरून होणार नाही. मार्च १९७१ मध्ये कोलंबोमार्गे सैनिक ढाक्यास पोहोचतच होते. विच्छेदाची कारणे त्याहून जुनी होती : १९५२ चे भाषा-आंदोलन, आर्थिक विषमतेची तक्रार आणि डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत पूर्वेकडील १६२ पैकी १६० सर्वसाधारण जागा अवामी लीगला मिळूनही तिच्या हाती सत्ता न देणे. आकाशमार्ग बंद झाल्याने हे अंतर निर्माण झाले नाही. आधीच पडलेले अंतर त्यामुळे तासांत व किलोमीटरांत मोजता येऊ लागले, एवढेच.