अपराध एकाचा, शिक्षा कोणाला?

सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्या मराठी घरांत १६६४ च्या लुटीची गोष्ट दोन सुरांत सांगितली जाते. घरात ती अभिमानाने रंगते. गुजराती शेजारी येऊन बसले की आवाज आपोआप उतरतो. या दोन्ही सुरांत एक प्रसंग मात्र बहुधा सांगायचाच राहून जातो.

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांचा तळ बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेरील बागेत पडला होता. शहराचा अधिकारी इनायतखान तापीकाठच्या किल्ल्यात दडून बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याने तहाच्या मिषाने एक तरुण वकील धाडला. बोलणे चालू असतानाच तो खंजीर उपसून महाराजांवर धावला. अंगरक्षकाने त्याचा हात छाटला. तरी धावण्याच्या भरात तो महाराजांच्या अंगावर आदळला आणि दोघेही जमिनीवर कोसळले. महाराजांच्या अंगावरील रक्त पाहून तळावर कैद्यांना कापून काढण्याची हाकाटी उठली. मारेकरी तेथेच ठार झाला. महाराज उठले आणि त्यांनी ती कत्तल थांबवली.

पुढची हकीकत इंग्रज वखारीच्या कागदांत आहे. कैदी पुढे आणवून सुमारे चौघांची डोकी व चोवीस जणांचे हात तोडण्यात आले. त्या कैद्यांत अँथनी स्मिथ हा इंग्रज होता. त्याची पाळी येताच, हाताऐवजी डोके उडवा, असे तो हिंदुस्थानीत ओरडला. टोपी काढल्यावर तो इंग्रज असल्याचे ध्यानी आले आणि त्याची शिक्षा रद्द झाली.

हे कागद परक्यांचे म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु कत्तल थांबवल्याची साक्षही त्यांच्यातच आहे. एक अर्ध स्वीकारून दुसरे टाकणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. मारेकरी मेला, त्याला धाडणारा किल्ल्यात सुरक्षित राहिला आणि हात गेले ते कटाशी संबंध नसलेल्यांचे. संतप्त सैन्याला आवरणे हा मोठाच संयम होता. पण संयम म्हणजे न्याय नव्हे. स्मिथला मिळालेली क्षमाही त्याच्या निरपराधपणामुळे मिळाली नाही.

याच्या शेजारी महाराजांचाच दुसरा निवाडा ठेवून पाहावा. २८ जानेवारी १६४६ च्या आज्ञापत्रानुसार रांझे गावचा पाटील बाबाजी गुजर याने बदअंमल केला. त्याला हुजूर आणवले, अपराध शाबीत झाला, मग हातपाय तोडले. शिक्षा आजच्या मनाला क्रूर वाटेल. परंतु तेथे चौकशी होती, शिक्षा अपराध्यालाच झाली, आणि नंतर त्याचा सांभाळ करण्यास पुढे आलेल्या गोतातील सोनजी गुजराकडे तो सोपवण्यात आला. पाटीलकीही सोनजीकडे गेली. दंडानंतरही माणूस उरतो, हे त्या पत्राने ओळखले होते.

सुरतेत मराठी फौजा परतल्यावर इनायतखान बाहेर पडला, तेव्हा लोकांनी त्याच्यावर चिखल फेकला. चिडलेल्या त्याच्या मुलाने एका निरपराध हिंदू व्यापाऱ्याला गोळी घालून मारले. औरंगजेबाने सुरतेच्या व्यापाऱ्यांची वर्षाची जकात माफ केली. नुकसानीची थोडी भरपाई झाली, पण तुटलेल्या हातांचा आणि त्या व्यापाऱ्याच्या जिवाचा हिशेब त्यात बसणारा नव्हता.

आमच्या मते, घरातला सूर आणि शेजाऱ्यांपुढचा सूर एक करायचा असेल, तर ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच, पूर्ण सांगावी. रांझ्याच्या न्यायाचा अभिमान बाळगणाऱ्यांना सुरतेतील त्या चोवीस हातांविषयी हळहळण्याचाही अधिकार आहे.