संयान मंडल ते तलासरी तालुका : एका प्रशासकीय विभागाचा इतिहास

प्रस्तावना :
पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे तालुके महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवर वसले आहेत. मात्र त्यांचा प्रशासकीय इतिहास आजच्या सीमेत मावत नाही. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घेतला आहे.

संयान मंडल :
डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे सापडलेल्या ताम्रपटांत 'संयान मंडल' या विभागाचा उल्लेख आढळतो. संयान म्हणजे आजचे संजाण. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातील शके ८४८ (इ. स. ९२६) च्या ताम्रपटानुसार मंडलाचा कारभार मधुमती ऊर्फ सुगतिप या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. 'मधुमती' हे 'मुहम्मद' या नावाचे संस्कृत रूप मानले जाते. त्याने विनामूल्य नावेची सोय केली, अन्नछत्र चालविले आणि राजाच्या संमतीने भगवतीच्या मठिकेस भूमिदान दिले. पुढे शके ९५६ (इ. स. १०३४) मध्ये शिलाहारांचा मांडलिक चामुंडराज याने तेथील मठिकेस तेलघाणा दान केला. राजसत्ता बदलली, तरी संयानचे केंद्रस्थान टिकून होते.

नाव व सीमा यांतील बदल :
ब्रिटिश काळात ठाणे जिल्ह्यात संजाण नावाचाच तालुका होता. १८६६ मध्ये त्यास डहाणू हे नाव मिळाले. कालांतराने उंबरगाव हा वेगळा तालुका झाला. १ मे १९६० रोजी या तालुक्यातील ४७ गावे व ३ शहरे गुजरात राज्यात गेली, संजाणही गेले. उरलेली २७ गावे प्रथम डहाणूस जोडण्यात आली आणि १९६१ मध्ये त्यांचा तलासरी महाल झाला. १ ऑगस्ट २०१४ पासून दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात आहेत.

निष्कर्ष :
मंडलाचे केंद्र गुजरातेत आणि त्याची साक्ष देणारे ताम्रपट सापडले ते चिंचणी महाराष्ट्रात, अशी ही विभागणी आहे. अर्वाचीन इतिहासालाही हेच लागू पडते. गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील वारली आंदोलनातील १९४५ ची झरी गावची परिषद उंबरगाव तालुक्यात भरली होती. झरी आज तलासरी तालुक्यात आहे. त्या काळच्या कागदपत्रांत 'तलासरी तालुका' शोधणाऱ्या अभ्यासकाच्या हाती काहीच लागणार नाही. म्हणून येथील स्थानिक इतिहास लिहिताना तालुक्याचे तत्कालीन नाव प्रथम निश्चित करणे आणि दोन्ही राज्यांतील साधने एकत्र तपासणे अगत्याचे आहे. अन्यथा दोन्हीकडे अर्धाच इतिहास लिहिला जाईल.