ईस्टहॅमचा खटला

खेळात न्याय कोण देतो, असे विचारले तर आपण पंचाकडे बोट दाखवू. परंतु खेळ हाच ज्याचा पोटाचा धंदा, त्याचे निम्मे भवितव्य मैदानावर नव्हे, तर कराराच्या कागदावर ठरत असते. त्या कागदाचा पंच कोण? इंग्लंडमधील फुटबॉलपटूंना या प्रश्नाचे उत्तर मिळावयास जवळजवळ ८० वर्षे लागली.

पैसे घेऊन फुटबॉल खेळण्यास तेथील फुटबॉल असोसिएशनने १८८५ साली मान्यता दिली. खेळाडूने एका क्लबाकडे आपले नाव नोंदवावे, एवढीच मूळची अट. हंगामाच्या मध्येच कोणी पळ काढू नये, हा तिचा हेतू. पुढे १८८८ साली लीग स्थापन झाली, आणि या कारकुनी नियमाची बेडी झाली. करार संपला तरी क्लबाने खेळाडूचे नाव ‘राखून ठेवलेल्यांच्या’ यादीत घातले, की लीगमधील दुसऱ्या कोणत्याही क्लबाला त्यास घेता येत नसे. ठराविक किमान पगार देऊ केला की क्लबाचे कर्तव्य संपले. तो पगार खेळाडूने नाकारला, तर त्याला ना पगार ना खेळ. सोडावयाचे झालेच तर नव्या क्लबाने जुन्या क्लबाला रक्कम मोजावयाची. त्यातच १९०१ पासून पगाराला कमाल मर्यादा आली, ती आठवड्यास ४ पौंडांची. खेळाडूच्या बदलीची किंमत पुढे हजारो पौंडांवर गेली. त्याच्या मजुरीला मात्र छप्पर होते.

क्लबांची बाजू अगदीच पोकळ होती असे मात्र समजू नये. बाजारातला वाणी शेजारच्या वाण्याचे दुकान बुडाले तर मनातून सुखावतो; फुटबॉल क्लबाचे तसे नाही. प्रतिस्पर्धीच उरला नाही तर सामना कोणाशी खेळावयाचा आणि तिकिटे कोण काढणार? खेळाडूंना मोकळे सोडले तर धनाढ्य क्लब सारे चांगले खेळाडू उचलतील, लहान गावांचे क्लब ओस पडतील, असे चालक म्हणत. सुमारे ८० हजार वस्तीच्या बर्नलीने १९६० साली लीग जिंकली, हे त्यांच्या बाजूचे उदाहरण म्हणता येईल. तथापि सायमन रॉटनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ साली अमेरिकेतील बेसबॉलविषयी लिहिताना या युक्तिवादाच्या मर्मावरच बोट ठेवले. क्लबांना खेळाडू विकता येत असतील, तर बंधन असो वा नसो, तो अखेर जेथे त्याची किंमत अधिक तेथेच जाणार. फरक इतकाच की बंधन असले म्हणजे ती किंमत मालकाच्या खिशात पडते. मला तरी हे म्हणणे बिनतोड वाटते. समतोलच हवा असेल तर तिकिटांचे उत्पन्न वाटून घेता येते, आणि इंग्लंडचे क्लब ते काही अंशी वाटूनही घेत असत.

न्यायालयाचे दार यापूर्वीही ठोठावून झाले होते. १९१२ साली किंगॅबी नावाच्या खेळाडूने ॲस्टन व्हिलावर फिर्याद केली. त्याच्या वकिलाने क्लबाच्या दुष्ट हेतूवर भर दिला. नियमच बेकायदा आहे, हा मुद्दा नीट उभा केला नाही. दावा बुडाला, आणि त्याबरोबर खेळाडूंच्या संघटनेचा पैसाही. पुढची ५० वर्षे तसा धीर कोणी केला नाही.

जॉर्ज ईस्टहॅम हा न्यूकॅसल युनायटेडचा खेळाडू. घर आणि इतर कारणांवरून क्लबाशी त्याचा बेबनाव झाला. १९६० च्या जूनअखेर करार संपला. क्लबाने त्यास राखून ठेवले. तेव्हा तो सरळ दक्षिणेकडे सरे परगण्यात गेला आणि काही महिने बुचाचा माल विकू लागला. ऑक्टोबरात न्यूकॅसलने ४७,५०० पौंड घेऊन त्यास आर्सेनलला दिले. येथे गोष्ट संपावयाची. परंतु संघटनेने खर्चाचा भार उचलला आणि खटला पुढे चालू राहिला. मधल्या काळात, १९६१ च्या जानेवारीत, जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंनी संपाची नोटीस दिली आणि २० पौंडांवर पोहोचलेली पगाराची मर्यादा कायमची गेली. लवकरच फुलहॅमचा जॉनी हेन्स आठवड्यास १०० पौंड घेऊ लागला.

४ जुलै १९६३ रोजी न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला. (ब्रिटिश साम्राज्यातील गुलामांचा व्यापार बंद व्हावा म्हणून झगडलेले विल्यम विल्बरफोर्स हे त्यांचे खापरपणजोबा. वर्तमानपत्रे फुटबॉलपटूंना गुलाम म्हणू लागली असताना हा योग यावा, ही गंमतच!) त्यांनी दुष्ट हेतू शोधला नाही. माणसाच्या धंद्यावर घातलेले बंधन वाजवी गरजेपेक्षा अधिक आहे काय, हा इंग्लंडच्या कायद्यातील जुनाच प्रश्न त्यांनी विचारला. बदलीच्या रकमेने पैसा क्लबाक्लबांत फिरतो, हे त्यांना पटले. करार संपल्यावर माणूस अडवून ठेवणे पटले नाही. ही दोन्ही बंधने एकत्र आली म्हणजे ती अवाजवी व म्हणून अवैध, असे त्यांनी जाहीर केले. ईस्टहॅमला बुडालेला पगार मात्र मिळाला नाही.

पूर्ण सुटका पुढे हप्त्याहप्त्याने झाली. १९७८ साली करार संपलेल्या खेळाडूस इंग्लंडमध्ये दुसरीकडे जाण्याचा हक्क मिळाला. रक्कम मात्र उरली. बेल्जियमच्या बॉसमनने लढविलेल्या दाव्यात युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी ती रक्कमही युरोपीय संघाच्या देशांपुरती रद्द केली. त्यानंतर पैसा खेळाडूंकडे वळला खरा, पण मोठे क्लब अधिकच मोठे झाले. बर्नलीला १९६० नंतर लीग पुन्हा जिंकता आलेली नाही. अर्थात उत्पन्नाची वाटणी क्लबांनी स्वतःच सोडली, १९८३ साली. त्याचा दोष न्यायमूर्तींच्या माथी कशाला?

आपल्याकडे या बाबतीत कायदा इंग्लंडहून कडक आहे. १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम व्यवसायास प्रतिबंध करणारा करार तेवढ्यापुरता रद्दच ठरविते. बंधन वाजवी होते, ही सबब सहसा चालत नाही. श्रीरामपूरचे झहीर खान यांचा जाहिरातींचे काम पाहणाऱ्या एका कंपनीशी ३ वर्षांचा करार होता. तो संपल्यावरही नवा देकार आधी आम्हांस दाखवा, असे कंपनी म्हणू लागली. मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी कंपनीला मनाई हुकूम दिला, खंडपीठाने तो उठविला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचाच निर्णय कायम केला.