छडी, खाऊ आणि टिकटिकी

कुत्र्याला शिकवावयाचें म्हणजे गळपट्ट्याला हिसका आणि पाठींत छडी, ही समजूत फार जुनी. १९१० सालीं जर्मनींत निघालेल्या कोनराड मोस्ट यांच्या पुस्तकांतही सक्तीवरच भर होता. शाबासकी त्यांना ठाऊक नव्हती, असें मात्र नव्हे.

खाऊची खरी अडचण वेळेची. कुत्रा बसला, धनी खिशांतून तुकडा काढीपर्यंत तो उठून भुंकूं लागला, तर बक्षीस कशाचें? भुंकण्याचें! चूक धन्याची, आणि छडी मात्र कुत्र्याला.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनीं १९५१ सालच्या एका लेखांत यावर तोड सुचविली. मुलांच्या खेळण्यांतली पत्र्याची टिकटिकी वाजवावी व लगेच खाऊ द्यावा. आवाजामागून खाऊ येतो हें कुत्र्याला उमगलें, कीं हवी ती हालचाल होतांक्षणींच टिकटिकी वाजवावी; मग तुकडा किंचित् उशिरां आला तरी बिघडत नाहीं. कुत्रा कपाटाच्या मुठीकडे वळला, वाजवा. जवळ गेला, वाजवा. असें करतां करतां तो मुठीला नाक लावतो. त्याला हा खेळच वाटतो.

तरीही छडी लवकर सुटली नाहीं. हवाई बेटांत डॉल्फिनांना शिकविणाऱ्या कॅरन प्रायर यांना छडीचा उपयोगच नव्हता. रागावलें तर डॉल्फिन पोहून दूर जाई! त्यांचें पुस्तक १९८४ सालीं निघालें, आणि १९९० नंतर ती टिकटिकी कुत्रे पाळणाऱ्यांच्या घरोघरीं वाजूं लागली.